‘कोब्रा काय’ मुलाला दाखवू का?

प्रश्न : माझा मुलगा १० वर्षांचा आहे, कराटेच्या क्लासला जातो. मी लहानपणी ‘द कराटे किड’ पाहिला होता. त्याच कथेची पुढची मालिका ‘कोब्रा काय’ त्याच्यासोबत पाहू का?

उत्तर : इतक्यात नको. १९८४चा तो चित्रपट आठवून तुम्ही मालिका लावाल, पण ती मुळात तुमच्यासारख्या जुन्या प्रेक्षकांसाठी आहे. चित्रपटात नायकाचा प्रतिस्पर्धी असलेला जॉनी आता प्रौढ झालाय. हातात बिअर, तोंडात शिव्या. अमेरिकेत मालिकेला चौदा वर्षांवरच्या मुलांसाठीचा दर्जा आहे आणि तो रास्त आहे. शिव्यांपेक्षा मला काळजी मारामारीची वाटते. दुसऱ्या सीझनच्या शेवटी शाळेतल्या हाणामारीत जॉनीचा शिष्य मिगेल कठड्यावरून पडून गंभीर जखमी होतो; एरवी मात्र मुलं जबर मार खाऊन पुढच्या भागात ठणठणीत! हा अतिरेक दहाव्या वर्षी सहज ओळखता येत नाही. तरी मालिका टाकाऊ नाही. छळ सोसलेलं मूलच पुढे दांडगाई कसं करू लागतं, हे तिने नेमकं दाखवलंय. तेवढ्यासाठी ती तेरा-चौदाव्या वर्षी सोबत बसून जरूर पाहा. सध्या मूळ चित्रपट दाखवा. मारहाण त्यातही आहे, तेव्हा शेजारी बसा.