चांदा पाहू चला

चैत्र पौर्णिमा जवळ आली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली कितीतरी माणसे चंद्रपूरला निघतात. कोणी एस.टी.ने जाते, कोणी टेम्पोने जाते, कोणी पायी जाते. महाकाली मातेची ती मोठी यात्रा. झरपट नदीवर अंघोळ होते. देवीचे दर्शन होते. बांगड्या, कुंकू, फुटाणे घेऊन माणसे घरी येतात.

घरी म्हातारी विचारते, "काय काय पाह्यलं?"

उत्तर येते, "देवी पाह्यली. लय गर्दी होती, बाप्पा!"

देवी पाहिली, हे चांगलेच झाले. पण ज्या शहरात आपण गेलो, ते शहर पाहायचे राहूनच गेले. चंद्रपूर म्हणजे पूर्वीचे चांदा. ही गोंड राजांची राजधानी. वणीहून ते साठेक किलोमीटरच्या आतच आहे. वाटेत वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. सकाळी शिदोरी बांधून निघालो, तर रात्री घरी परत येता येते. हे शहर कसे पाहावे, ते आज आपण शिकू.

माहितगार माणूस

दगड आपण होऊन बोलत नाही. जुनी भिंत दिसते, पण ती कोणी बांधली, का बांधली, हे भिंत सांगत नाही. त्यासाठी माहितगार माणूस लागतो. जंगलात वाट दाखवतो तो वाटाड्या. जुन्या शहरात माहिती देत फिरवतो त्याला मार्गदर्शक किंवा गाईड म्हणतात.

हे काम आपल्याला नवे नाही. आपल्या भागातले प्रधान लोक किंगरी वाजवून गोंडांच्या कुळांच्या आणि राजांच्या कथा सांगत आले आहेत. ऐकणारे मांडी घालून ऐकत. ते तोंडी होते, गाईडही तोंडीच सांगतो. फरक एवढाच की, गाईड जागेवर नेऊन सांगतो.

परकोट आणि वेशी

चांदा शहराभोवती दगडी तट आहे. त्याला तिकडे परकोट म्हणतात. हा परकोट लहानसहान नाही. त्याचा घेर सुमारे तीन कोसांचा आहे. त्याला चार मोठ्या वेशी आहेत. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर ही त्यांची नावे. शिवाय पाच लहान दारे आहेत. त्यांना खिडक्या म्हणतात. चोर खिडकी, विठोबा खिडकी, हनुमान खिडकी, मसण खिडकी आणि बगड खिडकी.

वेशीवर नजर वर करून पाहा. हत्तीवर चढलेला सिंह दगडात कोरलेला आहे. ती गोंड राजांची खूण. आजही जटपुरा वेशीतून माणसे आणि गाड्या जा-ये करतात. पण घाईत वर पाहणारे थोडेच.

हे शहर खांडक्या बल्लाळशहा राजाने वसवले, असे मानतात. त्याची एक गोष्ट सांगतात. राजाच्या अंगावर गाठी उठल्या होत्या. झरपटीच्या पात्रातल्या एका डोहाच्या पाण्याने त्या बऱ्या झाल्या. पुढे त्याच भागात एका सशाने राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला. जिथे ससा कुत्र्यावर चालून जातो, ती भूमी शूरांची, असे समजून राजाने तिथे शहर वसवले.

ही दंतकथा आहे. दंतकथा ऐकावी, तिची गोडी घ्यावी. पण दंतकथा आणि इतिहास यांत फरक असतो. म्हणून गाईडला एक प्रश्न जरूर विचारावा, "हे कशावरून?" चांगला गाईड रागावत नाही. तो सांगतो की, "ही लोकांत चालत आलेली गोष्ट आहे," किंवा "हे अमुक लेखावरून कळते."

दूर युरोपात क्रोएशिया नावाचा देश आहे. तिथे समुद्राकाठी डुब्रोव्हनिक नावाचे जुने शहर आहे. त्यालाही दगडी तट आहे. त्याची लांबी दोन किलोमीटरहून थोडी कमीच आहे. त्या तटावरून चालण्यासाठी देशोदेशींची माणसे तिकीट काढून जातात. बरोबर गाईड असतो. त्यावर शहरातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटतात. आपल्या चांद्याचा परकोट त्याहून कितीतरी लांब आहे. पण आपल्यातल्या किती जणांना त्याचे नाव माहीत आहे?

राणीने बांधलेली समाधी

अचलेश्वर वेशीपाशी अचलेश्वराचे देऊळ आहे. जवळच गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली मोठी समाधी बीरशहा राजाची. ती त्याच्या राणीने, हिराईने, सुमारे तीनशे वर्षांपूर्वी बांधवली. बीरशहाला दगाफटक्याने मारले होते. राणीला मुलगा नव्हता. तिने रामशहाला दत्तक घेतले. तो लहान होता, तोवर तिने स्वतः राज्य सांभाळले. महाकालीचे आजचे देऊळही तिनेच बांधवले, असे सांगतात.

आग्र्याचा ताजमहाल राजाने राणीसाठी बांधला, हे आपण ऐकतो. इथे राणीने राजासाठी समाधी बांधली. देवीच्या दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येक बाईने क्षणभर इथेही थांबावे. एक विधवा बाई राज्य चालवत होती, हे आपल्या लेकींना सांगावे.

रावण नव्हे, देवी

शहराच्या लालपेठ भागात उघड्यावर मोठमोठ्या दगडी मूर्ती आहेत. एकेका अखंड दगडातून त्या कोरल्या आहेत. रायप्पा कोमटी नावाच्या सावकाराला मोठे देऊळ बांधायचे होते, असे सांगतात. ते काम अपुरे राहिले. मूर्ती तशाच राहिल्या.

त्यांतल्या एका मूर्तीला दहा तोंडे आहेत. दहा तोंडे पाहून लोक तिला रावण म्हणू लागले. पण ती रावणाची मूर्ती नव्हे. ती दशमुखी दुर्गा आहे. बघा, माहिती नसली की देवीचा रावण होतो! एकाने चुकीचे सांगितले, दुसऱ्याने ते खरे धरले, तिसऱ्याने लेकराला शिकवले. ज्याला वाचता येते, त्याने ही साखळी तोडावी. सरकारच्या पुरातत्त्व खात्याने जपलेल्या जागी बहुधा पाटी असते. ती आधी स्वतः वाचा. मग मोठ्याने वाचून बरोबरच्यांना ऐकवा.

राज्य कसे गेले

१७५१ साली नागपूरच्या भोसल्यांनी चांद्याचे राज्य घेतले. गोंडांचे राज्य संपले. पुढे इंग्रज आले. १८१८ च्या एप्रिल महिन्यात आपल्याच पांढरकवड्याजवळ दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या फौजेचा मोड झाला. मग इंग्रजांची फौज चांद्यावर गेली. मे महिन्यात तोफांनी परकोट फोडून त्यांनी शहर घेतले.

१८५८ मध्ये बाबुराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदाराने इंग्रजांविरुद्ध हत्यार उचलले. त्यांना पकडून २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले. म्हणजे केळापूर, झरी, मारेगावचा गोंड भाऊ चांद्याला जातो, तेव्हा तो परक्या गावी जात नाही. तो आपल्या पूर्वजांच्या राजधानीत जातो. आपल्या लोकांजवळ जंगलाशिवाय काही नव्हते, असे कोणी म्हटले तर त्याला हा परकोट दाखवावा.

सहल ठरवताना

गावातली वीस-पंचवीस माणसे मिळून गेली तर खर्च कमी येतो. मोठा जमाव असेल तर एस.टी.ची पूर्ण गाडी ठरवता येते. त्याला प्रासंगिक करार म्हणतात. त्याची चौकशी आगारात करावी. साध्या एस.टी.ने गेलात तर बायकांना २०२३ सालापासून निम्मे भाडे पडते.

गाईड ठरवताना पुढील गोष्टी आधी बोलून घ्याव्या.

१. पैसे किती? माणशी की सगळ्यांचे मिळून?

२. कोणकोणत्या जागा दाखवणार? किती वेळ देणार?

३. चालायचे किती? म्हातारी माणसे असतील तर आधी सांगावे.

४. सरकारमान्य गाईडजवळ ओळखपत्र असते. तो तसा म्हणवत असेल, तर ते पाहून घ्यावे. आता आपल्याला वाचता येते, मग लाजायचे कशाला?

५. गाईडने एखाद्या दुकानात नेले तर तिथे घेतलेच पाहिजे असे नाही.

निघताना माणसे मोजावी. परत बसताना पुन्हा मोजावी. उन्हाळ्यात चंद्रपूरचे ऊन फार कडक. पाणी बरोबर ठेवावे आणि परकोट सकाळीच पाहून घ्यावा.

आपले काम

काही जण भिंतीवर खिळ्याने आपले नाव कोरतात. नाव लिहायला आपण कष्टाने शिकलो. ते वहीवर लिहावे, पूर्वजांच्या भिंतीवर नाही. शिवाय तो गुन्हा आहे. पुराण्या वास्तूंच्या रक्षणाचा कायदा १९५८ सालचा आहे. २०१० साली तो आणखी कडक झाला. संरक्षित वास्तूची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

चांद्याच्या परकोटावर झाडेझुडपे माजली होती. कचरा साचला होता. २०१७ साली इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी कुदळ, फावडे, घमेले घेतले आणि किल्ला साफ करायला सुरुवात केली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सलग दोनशे दिवस ते काम चालले. वाट मोकळी झाली. मग लोकांना परकोटावरून माहिती देत फिरवण्याचा उपक्रमही झाला. झाडीत दडलेली भिंत पुन्हा लोकांची झाली.

आपण दोनशे दिवस देऊ शकणार नाही. एक दिवस तर देऊ शकतो? पुढच्या चैत्रात देवीचे दर्शन झाल्यावर लगेच गाडीत बसू नका. वेशी पाहा, समाधी पाहा, पाटी वाचा, "हे कशावरून?" विचारा. घरी आल्यावर म्हातारीने "काय पाह्यलं?" म्हटले की, सांगायला रात्र पुरणार नाही.

प्रश्न

१. चांद्याच्या परकोटाला वेशी किती आणि खिडक्या किती? त्यांची नावे लिहा.

२. बीरशहाची समाधी कोणी बांधवली?

३. दशमुखी मूर्तीला लोक रावण का म्हणू लागले?

४. गाईड ठरवताना आधी काय काय बोलून घ्यावे?

५. तुमच्या गावाजवळ जुने देऊळ, गढी किंवा बारव आहे काय? गावातल्या जाणत्या माणसाला त्याची माहिती विचारा. "हे कशावरून?" हेही विचारा. मग पाच ओळी लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.