कोयत्याचे पाणी

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस बारामती व इंदापूर हे तालुके आहेत. पूर्वी हा मुलूख पावसाच्या तोंडाकडे पाहणारा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा नदीचा डावा कालवा आला आणि ज्वारी-बाजरीच्या शेजारी उसाचे मळे डोलू लागले. पुढे वालचंदनगर, माळेगाव, भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. कारखान्याची यंत्रे कितीही मोठी असोत. पुष्कळसा ऊस अजूनही कोयत्यानेच तोडला जातो. ऊस तोडणाऱ्या जोडप्यालाच 'एक कोयता' म्हणतात. त्यांची भाकरी या हत्यारावर अवलंबून असते.

उसाच्या बुडख्यात साखर अधिक असते. म्हणून घाव जमिनीलगत, एका झटक्यात बसावा लागतो. असा कोयता घडवणे सोपे नाही. लोहार पोलादाचा तुकडा भट्टीत लाल करतो, सांडशीत धरून ऐरणीवर ठेवतो आणि घणाचे घाव घालून त्याला आकार देतो. मग धारेला 'पाणी देतो'. म्हणजे तापलेले पाते पाण्यात बुडवतो. त्याने पोलाद कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवावे लागते. पात्यावर आधी पिवळसर, मग तपकिरी, मग निळसर छटा उमटते. नेमक्या छटेवर ऊब थांबवणे, यातच खरे कसब आहे. पाणी अधिक झाले तर धार तुटते. कमी झाले तर ती वळते.

पूर्वी लोहार हा गावाचा बलुतेदार होता. वर्षभर विळे, फाळ, कुऱ्हाडी दुरुस्त करून देई व सुगीच्या वेळी खळ्यावर धान्य घेई. वाईट विळा दुसऱ्याच दिवशी दारी परत येई. तोच त्याच्या कामाचा परीक्षक होता. मात्र वाट्याला येणारे धान्य दुष्काळात पुरत नसे.

आता व्यवहार रोखीचा झाला. बाजारात कारखान्यातील स्वस्त कोयते आले. दर उतरवावा तर कोळशाचा खर्च निघत नाही. घाई करावी तर धार बिघडते. कसब राखावे की पोट भरावे?

शहाणा कारागीर दोन्ही साधतो. भात्याऐवजी विजेचा पंखा लावल्याने कसब बुडत नाही; घासण्यास सहाणेचे चाक घेतल्यानेही नाही. तेथे वेळ वाचवावा. पाणी देताना मात्र घाई करू नये. लोखंड, कोळसा आणि आपले श्रम मोजून दर सांगावा, व त्या दराला साजेल असा माल द्यावा. हिशेब न ठेवणारा कारागीर भट्टी विझवून बसतो. केवळ हिशेबच पाहणारा गिऱ्हाईक गमावतो.

तेजस्वी माणसाला आपण 'पाणीदार' म्हणतो. हत्याराचे असो वा माणसाचे, पाणी टिकवावे लागते.

स्वाध्याय
१. 'एक कोयता' कोणास म्हणतात? का?
२. पाते पुन्हा बेताने का तापवतात?
३. लोहाराने कोठे वेळ वाचवावा व कोठे वाचवू नये? कारण लिहा.
४. वाक्यांत उपयोग करा : तोंडाकडे पाहणे, पाणीदार.