सरकता आरसा

सतारीच्या मुख्य तारांखाली बारीक तारांची एक ओळ असते. त्यांना तरफा म्हणतात. वादक त्यांना सहसा छेडीत नाही. परंतु वरच्या तारेवर एखादा स्वर वाजला, की त्याच स्वराला लावलेली खालची तरफ आपोआप झंकारू लागते. वरून कितीही स्वर आले, तरी प्रत्येक तरफ आपला तेवढा स्वर उचलते. अशी निवड प्रकाशाच्या बाबतीत करता येईल काय? प्रश्न केवळ कुतूहलाचा वाटतो. पण परदेशी गेलेल्या मुलाचे बोलणे घरी नीट ऐकू येण्यासाठी आज हीच निवड करावी लागते.

१९६६ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम या शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले, की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्या केसासारख्या बारीक तंतूतून, प्रकाशाच्या साहाय्याने, दूरवर संदेश धाडता येतील. या कार्याबद्दल काओ यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आता असे तंतू समुद्राच्या तळावरून खंडाखंडांना जोडतात; मुंबईच्या किनाऱ्यालाही ते येऊन लागले आहेत.

एका तंतूतून एकाच लेसरचा प्रकाश सोडणे म्हणजे रुंद हमरस्त्यावरून एकच बैलगाडी हाकण्यासारखे आहे. म्हणून एकाच तंतूत चाळीस किंवा त्याहूनही अधिक लेसरांचा प्रकाश एकदम सोडतात. प्रत्येक लेसरच्या लहरीची लांबी निराळी असते. हे किरण अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे असतात. त्यांच्या लहरींची लांबी सुमारे १५५० नॅनोमीटर असते, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. चाळीस लहरींच्या मांडणीत शेजारशेजारच्या लहरींच्या लांबीत फरक असतो तो अवघा ०.८ नॅनोमीटरचा! तंतूच्या दुसऱ्या टोकाला या गर्दीतून नेमकी हवी ती लहर वेगळी काढावयाची असते. ती चुकली, तर एकाचा संदेश दुसऱ्याच्या संदेशात मिसळून दोन्ही वाया जातात.

या कामाची युक्ती मात्र जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील मार्सेय शहरी शार्ल फाब्री व आल्फ्रेद पेरो यांनी दोन सपाट काचांना चांदीचा पातळ मुलामा दिला आणि त्या एकमेकींसमोर अगदी समांतर ठेवल्या. दोन आरसे आणि मध्ये एक फट, एवढेच ते उपकरण. त्यातून जे घडते ते मात्र विलक्षण आहे.

समजा, प्रत्येक आरसा शंभरांपैकी ९९ भाग प्रकाश परतवितो आणि एकच भाग पुढे जाऊ देतो. मग असे दोन आरसे एकामागे एक ठेवल्यास दहा हजारांतून एकच भाग पार होईल, असा हिशेब कोणीही करील. बहुतेक लहरींच्या बाबतीत फार थोडाच प्रकाश पार होतो, हे खरेही आहे. परंतु ज्या लहरीच्या अर्ध्या लांबीने फटीला पूर्ण भाग जातो, ती लहर दोन्ही आरशांतून जवळजवळ संपूर्ण पार होते! झोपाळ्याला दिलेला प्रत्येक हेलकावा लहानच असतो, पण तो योग्य क्षणी मिळत गेला की झोपाळा उंच चढतो. तसेच येथे होते. फटीत मागेपुढे धावणारी ही लहर प्रत्येक फेरीत स्वतःशीच ताल धरते, आणि आतला प्रकाश बाहेरच्या प्रकाशाच्या शंभरपट होतो. त्याचा शंभरावा भाग दुसऱ्या आरशातून झिरपला, की मूळचा सर्व प्रकाश पुढे गेल्यासारखेच झाले. पहिल्या आरशावरून परतू पाहणाऱ्या लहरींना आतून मागे येणाऱ्या लहरी उलट्या पडतात आणि दोन्ही नाहीशा होतात. हिशेब कोठे चुकला, तर लहरींची बेरीज दाण्यांसारखी होत नाही, येथे.

फट थोडी वाढविली, की पार होणारी लहरही बदलते. आरसे आदर्श मानले आणि फट १५५० नॅनोमीटरची ठेवली, तर १५५० नॅनोमीटरची लहर पार होईल. १५६५ ची हवी असल्यास आरसा १५ नॅनोमीटर सरकवावा. एवढे सूक्ष्म सरकविणे कोणत्या हाताला जमणार? ते काम विजेकडे सोपविले आहे. सिलिकॉनच्या चकतीवर खालचा आरसा करतात. त्यावर हवेत तरंगणारा पापुद्रा, आणि पापुद्र्यावर वरचा आरसा. विद्युत्दाब दिला की पापुद्रा खाली ओढला जातो. दाब काढला की तो पूर्ववत होतो. केस याहून कितीतरी जाड असतो.

हवेत पापुद्रा बसवितात कसा? गवंडी कमान बांधताना तिच्याखाली लाकडी आधार उभारतो आणि कमान पक्की झाल्यावर तो काढून घेतो. येथेही आधी आधाराचा थर चढवितात, त्यावर पापुद्रा घडवितात, आणि मग आम्लाने आधाराचा थर विरघळवून टाकतात. खरी कसोटी यापुढेच असते. आम्ल धुतलेले पाणी वाळताना पापुद्र्याला खाली खेचते, आणि भिजलेल्या पुस्तकाची पाने चिकटावी तसा तो कायमचा चिकटून बसतो. म्हणून त्या जागी दाबाखालील द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरतात. तो ३१ अंशांपलीकडे तापविला, की धड द्रवही नाही आणि धड वायूही नाही अशा अवस्थेत जातो. मग त्याला हळूच सोडून देतात. पृष्ठभागच उरला नाही, तर ओढणार कोण?

आणखी एक पेच आहे. पापुद्र्याचा ताण सरकण्याच्या प्रमाणात वाढतो. विजेची ओढ मात्र फट निम्मी झाली की चौपट होते. मूळ फटीच्या एक-तृतीयांश अंतरापर्यंत दोघांचा तोल सांभाळता येतो. त्यापुढे ओढ जिंकते आणि पापुद्रा खाली आदळतो. यावर उपाय म्हणून कित्येकदा विजेसाठी मोठी फट आणि प्रकाशासाठी लहान फट, अशी वेगळी रचना करतात.

फटीतच प्रकाश उत्पन्न करणारे थर ठेवले, तर या गाळणीचा लेसर होतो. चकतीच्या कडेतून प्रकाश फेकण्याऐवजी सरळ वर फेकणाऱ्या लेसरची कल्पना जपानमध्ये केनिची इगा यांनी १९७७ साली मांडली. अशा लेसरचा वरचा आरसा हलता करून अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात कॉनी चँग-हस्नेन यांच्या गटाने १९९५ साली लहर बदलणारा लेसर सिद्ध केला. दूरसंचार केंद्रांना असे काही हवेच होते. चाळीस लहरींचे चाळीस लेसर, म्हणजे एखादा बिघडेल या भीतीने राखीवही चाळीस प्रकारचे ठेवणे आले. लहर बदलता आली, तर एकच राखीव लेसर कोणाच्याही जागी उभा राहतो.

तथापि दूरसंचारात लहर बदलणाऱ्या इतर जातींच्या लेसरांचाच प्रसार अधिक झाला. सरकत्या आरशाच्या लेसरला दुसरेच एक घर मिळाले. त्याचा पापुद्रा इतका हलका असतो, की तो सेकंदाला लाखाहून अधिक वेळा खालीवर होऊ शकतो, आणि तितक्याच वेळा लहर आपल्या साऱ्या लांब्यांवरून फिरून येते. असा प्रकाश डोळ्यात सोडून परत येणारे किरण तपासले, की डोळ्याच्या आतील पडद्याचे थर एकामागून एक उलगडत जातात, आणि रोग्याला शस्त्राचा स्पर्शही होत नाही.