दृष्टांत : कातळ आणि बाग

शुद्ध हेतू डोळ्यांना दिसत नाही. दिखावाही मनातच लपून राहतो. अशा अदृश्य गोष्टी समजावण्यासाठी दिव्य कुरआन दृष्टांताचा आधार घेते. डासासारख्या क्षुद्र जीवाचे उदाहरण देण्यासही अल्लाह संकोच करीत नाही, असे सूरह अल-बकराच्या 26 व्या आयतीत स्पष्ट केले आहे.

याच सूरहमधील दानाविषयीचे दोन दृष्टांत एकमेकांशेजारी ठेवून पाहा. 264 व्या आयतीत गुळगुळीत खडक आहे. त्यावर मातीचा थर आहे. मुसळधार पाऊस कोसळतो आणि खडक उघडा पडतो. उपकार बोलून दाखविणाऱ्याचे व लोकांना दाखविण्यासाठी खर्च करणाऱ्याचे दान असे वाया जाते. 265 व्या आयतीत उंचावरील बाग आहे. तीवर तसाच पाऊस पडतो, तेव्हा ती दुप्पट फळते. जोराचा पाऊस नसला, तरी हलकी सरही तिला पुरते. अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी केलेल्या दानाची ही उपमा होय.

दोन्ही ठिकाणी पावसासाठी मूळ अरबी शब्द एकच, ‘वाबिल’. म्हणजे फरक पावसात नाही, मातीखाली काय आहे यात आहे. कोकणात पावसाळ्यात धुऊन निघालेला कातळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगणे न लगे.

आता हा दृष्टांत स्वतःला लावून पाहू. गरजू नातलगाच्या मुलाची फी आपण भरली आणि पुढे एखाद्या लग्नात चारचौघांत तो विषय काढला. मुलाच्या आईने मान खाली घातली. रक्कम तीच राहिली, पावतीही तीच. पण माती वाहून गेली. म्हणूनच 263 व्या आयतीची शिकवण अशी की, मन दुखावणाऱ्या दानापेक्षा गोड शब्द आणि क्षमा श्रेष्ठ आहे.

मुलांना धर्म शिकवितानाही हीच पद्धत उपयोगी पडते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नमाजचे महत्त्व सांगताना आधी सहाबांना प्रश्न विचारला : दारापुढे नदी असेल व कोणी तीत रोज पाच वेळा स्नान करीत असेल, तर त्याच्या अंगावर मळ उरेल काय? उरणार नाही, असे उत्तर आल्यावरच त्यांनी उलगडा केला की, पाच नमाजांमुळे अल्लाह पापे अशीच मिटवितो. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

यातून तीन गोष्टी घ्याव्यात. उदाहरण ऐकणाऱ्याच्या परिचयाचे असावे. त्याने एकच मुद्दा उजळावा; प्रत्येक तपशिलातून अर्थ ओढून काढू नये. आणि निष्कर्षाप्रत ऐकणाऱ्याने स्वतः पोहोचावे.

आज मुलांना कातळ आणि बागेचा दृष्टांत अवश्य सांगा. मात्र त्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावे : माझ्या दानाच्या मातीखाली काय आहे? अल्लाह आपणां सर्वांना शुद्ध हेतू प्रदान करो. आमीन.