मोबाइलचा गेम, पोराची झोप आणि आपले पंचशील

विहारात रविवारची वंदना आटोपली की आम्ही बीपी मोजायला बसतो. मागे एकदा एक आई रांगेत न थांबता सरळ आमच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, पोरगं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गेम खेळतंय. मोबाइल काढून घेतला तर अंगावर येतं. काही गोळी हाय का यावर?"

यावर गोळी नाही. पण त्या माऊलीचा प्रश्न आज घरोघरी आहे, म्हणून या वेळचे आरोग्याचे पान त्यासाठी.

पहिली गोष्ट, गेम खेळणारे प्रत्येक पोर आजारी नसते. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या नव्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार घेतला आणि ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत. किती खेळायचे यावरचा ताबा सुटतो. शाळा, जेवण, मित्र या सगळ्यांच्या आधी गेम येतो. आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही खेळणे थांबत नाही, उलट वाढते. हे साधारण बारा महिने चालले आणि त्याने शिक्षण, घर, नाती बिघडली, तरच डॉक्टर त्याला आजार म्हणतात. सुट्टीत दोन तास खेळणाऱ्या मुलाला 'व्यसनी' म्हणून गल्लीभर बदनाम करू नका. तो शिक्का पुसता पुसत नाही.

मात्र आजार नसला तरी त्रास असतो. दहावी-अकरावीच्या वयात आठ ते दहा तास झोप लागते. रात्री दोनला झोपून सहाला उठणारे पोर वर्गात पेंगते, चिडते, त्याचे डोके दुखते. मग आई मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी आणते! खेळताना पापण्या कमी लवतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, वीस फुटांवर पाहावे, असे डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत वीस फूट आणायचे कुठून? दारात उभे राहून गल्लीच्या टोकाकडे पाहायचे.

आणि खोलीवरून आठवले. मुले गेममध्ये का जातात, याचा विचार आपण मोठ्यांनी कधी केला आहे का? वस्तीतले मैदान कुठे टेम्पोंनी अडवले, कुठे मंडपांनी. एका खोलीत सहा माणसे, पोटमाळ्यावर कपड्यांची बोचकी. तिथे सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःची अशी जागा मोबाइलच्या पडद्याएवढीच मिळते. तिथे त्याला कोणी ओरडत नाही, तिथे तो जिंकतो. गेमवाल्या कंपन्यांना हे पक्के माहीत असते. रोज हजेरी लावली की बक्षीस, एक दिवस चुकला की मालिका तुटली, पेटी उघडली की नशिबात असेल ते मिळणार. कधी मिळेल हे कळत नाही, म्हणूनच हात पुन्हा पुन्हा तिकडे जातो. मटक्याचा आकडा लावणाऱ्याचे मन असेच चालते.

आमच्या बालसंस्कार वर्गात एका मुलीने विचारले होते, "ताई, गेममध्ये माणूस मारला तर पहिले शील मोडते का?" बसलेल्या ज्येष्ठांपैकी बरेच जण "मोडते" म्हणाले. आमचे मत वेगळे आहे. धम्मात कर्म हे चेतनेवरून, म्हणजे मनातल्या हेतूवरून ठरते. पडद्यावरचे बाहुले पडले म्हणून कोणी मेले नाही, आणि पोराच्या मनात कोणाला मारायचे नव्हते, त्याला डाव जिंकायचा होता. बुद्धिबळातही घोडा मारतातच की. खेळून उठल्यावर मूल धाकट्या भावाशी कसे वागते, ते पाहा. तिथे खरे उत्तर मिळेल.

बाकीची शीले मात्र गेममध्ये खरोखर मोडतात, कारण तिथे समोर खरा माणूस असतो. हेडफोन लावून चार पोरे एकमेकांशी बोलत खेळतात. आम्ही एकदा शेजारी बसून ऐकले. आई-बहिणीवरून तर चालूच होते, पण एकाने दुसऱ्याला हरल्याबद्दल जातीवरून शिवी दिली. आमच्याच वस्तीतल्या मुलाने गेममध्ये नाव बदलून घेतले आहे, आडनाव कळू नये म्हणून. आणि हाच मुलगा त्याच खेळात एका मुलीचा आवाज ऐकू आल्यावर तिला काय काय बोलला, ते इथे लिहिता येत नाही. आम्ही त्याला विचारले, "तुला लागलं ना रे? मग तिला नाही लागलं?" तो काही बोलला नाही. पण वाणीचे शील म्हणजे काय, हे त्याला आमच्या भाषणापेक्षा त्या दिवशी जास्त कळले असावे.

दुसरे शील. ज्या आईने गोळी मागितली, तिच्या खात्यात बचत गटाचे पैसे होते. पोराला पिन माहीत होता, कारण तिला मोबाइलवर पैसे पाठवायला तोच शिकवत होता. चार महिन्यांत शंभर-दोनशे करत 2,400 रुपये गेले, कशावर तर गेममधल्या कपड्यांवर आणि बंदुकीच्या रंगावर. ती चार घरची धुणीभांडी करते. गटाच्या बैठकीत हिशेब लागेना, तेव्हा बायकांनी तिच्याकडेच संशयाने पाहिले.

इथे आमची चूक सांगायला हवी. आम्ही तिला म्हणालो, "मोबाइल काढून घे आणि कपाटात कुलूप लाव." तिने तसे केले, तेही ऐन डाव चालू असताना. पोरगा घरातून निघून गेला, रात्री साडेअकराला स्टेशनवर सापडला. ते तीन तास आम्ही आयुष्यात विसरणार नाही. नर्सिंग शिकताना आम्ही शिकलो होतो की, सवय एका झटक्यात तोडली तर माणूस अस्वस्थ होतो. दारूच्या रुग्णाला जे लावत होतो, ते आपल्याच पोराला लावायला विसरलो.

दुसऱ्या दिवशी शांतपणे बसलो. मिनिटांवर नाही, डावांवर बोललो. कारण काही गेमचा डाव दहा-पंधरा मिनिटांत संपतो, तर काहींचा अर्धा तास चालतो आणि मध्येच उठले तर जोडीदार हरतात. म्हणून "नऊ वाजले, बंद!" या हुकमाने भांडण होते आणि "आजचे दोन डाव" हे पोराला पटते. रात्री दहानंतर घरातले सगळे मोबाइल, आईचा आणि बापाचासुद्धा, भांड्यांच्या फळीवर. पिन बदलला. प्ले स्टोअरमध्ये खरेदीच्या वेळी पासवर्ड विचारण्याची सोय असते, ती चालू केली.

बापाचे म्हणालो ते उगीच नाही. पोराला रागावणारे कितीतरी बाप स्वतः मोबाइलवर पैसे लावून रमी खेळत होते. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाच्या मुलाला जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत: जिंकला तर वैर, हरला तर शोक, पैसा जातो, सभेत शब्दाला किंमत उरत नाही, मित्र मान देत नाहीत, लग्नाला कोणी मुलगी देत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे. तरी कोणी लिंक पाठवून "पैसे दुप्पट" म्हणत असेल तर ती फसवणूक समजा. पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 वर तक्रार नोंदवा.

पोर जेवण सोडत असेल, शाळेत जाणे बंद झाले असेल, किंवा "मी जिवाचं काहीतरी करून घेईन" म्हणाले, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका. 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथे गेले म्हणजे पोर वेडे झाले, असे होत नाही.

त्या मुलाने आईचे पैसे फेडायचे स्वतःच ठरवले. तो सकाळी पेपरची लाइन टाकतो, आणि साडेचारला उठायचे म्हणून रात्री साडेनऊलाच आडवा होतो. अजून आठशे रुपये बाकी आहेत. गटाच्या बैठकीत मात्र आईची बाजू मांडायला तो स्वतः गेला होता. बायकांनी त्याला आधी चहा पाजला, मग भरपूर झापले.