हिमालयातील मुक्काम आणि भोजन : पर्वतीय विकासाचा एक मार्ग

हिमालयात जाणाऱ्या प्रवाशापुढे दोन साधे प्रश्न असतात : राहावे कोठे आणि खावे काय? पर्वतीय प्रदेशात शेतजमीन थोडी, उद्योग तुरळक आणि तरुणांचे स्थलांतर मोठे. त्यामुळे प्रवाशाने खर्च केलेला पैसा गावात राहतो की बाहेर जातो, हे बऱ्याच अंशी याच दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. म्हणूनच निवास व आहार हे विषय विकासाच्या दृष्टीने अभ्यासणे आवश्यक आहे.

चट्टी ते होमस्टे

प्रवाशाला आसरा देण्याची रीत येथे जुनी आहे. मोटाररस्ते होण्यापूर्वी बद्री-केदारचे यात्रेकरू पायी जात व वाटेवरील ‘चट्टी’वर मुक्काम करीत. चट्टीवरील दुकानदार जागा आणि स्वयंपाकाची भांडी विनामूल्य देई. शिधा मात्र त्याच्याकडूनच घ्यावा, असा रिवाज होता. हनुमान चट्टी, जानकी चट्टी या गावांच्या नावांत ती व्यवस्था आजही टिकून आहे. रस्ते आले तशी हॉटेले वाढली. त्यांचे मालक, कामगार आणि धान्य पुष्कळदा बाहेरचे असल्याने गावाच्या वाट्याला फारसे काही येत नसे.

या पार्श्वभूमीवर हिमाचल प्रदेशाने २००८ मध्ये होमस्टे योजना सुरू केली. उत्तराखंडने २०१५ मध्ये नियमावली आणि २०१८ मध्ये दीनदयाळ उपाध्याय गृह-आवास विकास योजना आणली. मालकाने त्याच घरात राहणे आणि खोल्यांची संख्या मर्यादित असणे, हे अशा योजनांचे मूळ सूत्र आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सीमावर्ती गावांसाठी ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ कार्यक्रम सुरू केला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्ज देण्याची घोषणा झाली.

रुंबकचे उदाहरण

लडाखमधील हेमिस राष्ट्रीय उद्यानात रुंबक हे लहानसे गाव आहे. हिमबिबट्या गोठ्यात शिरून शेळ्या-मेंढ्या मारत असे आणि नुकसान सोसणारा पशुपालक त्याच्या जिवावर उठत असे. या शतकाच्या आरंभी एका वन्यजीव संवर्धन संस्थेच्या साहाय्याने या परिसरात घरगुती निवास सुरू झाले. व्यवस्था मुख्यत्वे महिलांकडे असून पाहुणे पाळीपाळीने घरांत वाटले जातात. हिमबिबट्या पाहण्यासाठी प्रवासी येऊ लागल्यावर जिवंत प्राण्याचे मोल गावाला कळले. संवर्धन आणि उपजीविका यांची सांगड कशी घालता येते, याचे हे बोलके उदाहरण होय.

स्थानिक आहाराचे अर्थकारण

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी सुमारे ८८ अंश सेल्सियसलाच उकळते. त्यामुळे डाळ-तांदूळ शिजण्यास वेळ व इंधन अधिक लागते. अशा ठिकाणी भाजलेल्या सातूचे पीठ सोयीचे ठरते. कणकेचे तुकडे भाज्यांसह शिजवलेले ‘स्क्यू’, शेवयांचा ‘थुक्पा’ आणि लोणी-मीठ घातलेला चहा हे तेथील नित्याचे पदार्थ होत. नवख्या प्रवाशाने प्रथम दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि साधे, गरम अन्न व पुरेसे पाणी घ्यावे, हे हितावह.

उत्तराखंडमधील मंडुआ म्हणजे आपली नाचणी आणि गहत म्हणजे कुळीथ. भगरीसारखा दिसणारा झंगोराही तेथे पिकतो. ही पिके कोरडवाहू शेतात, थोड्या पाण्यावर येतात. २०२३ मध्ये या तिन्ही पिकांना भौगोलिक मानांकन मिळाले. पाहुण्याच्या ताटात मंडुआची भाकरी आली, तर त्या धान्याला गावातच ग्राहक मिळतो आणि पडीक पडू पाहणारे शेत पुन्हा कसले जाते.

मर्यादा

होमस्टे हा सर्व प्रश्नांवरील उपाय नव्हे. हंगाम थोड्या महिन्यांचा असतो आणि पाहुण्यांचे काम महिलांच्या आधीच्या कष्टांत भर घालते. होमस्टेच्या नावाखाली प्रत्यक्षात हॉटेल चालविल्यास योजनेचा हेतूच हरवतो. लेह येथे वार्षिक पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर पडतो. तेथील पारंपरिक कोरड्या शौचालयांतून खत मिळते. प्रवाशांसाठी बांधलेली फ्लशची शौचालये मात्र पाण्यावर ताण आणतात. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ येथे जमीन खचून घरांना व हॉटेलांना तडे गेले, तेव्हा पर्वतीय नगरांच्या धारणक्षमतेचा प्रश्न ऐरणीवर आला. कचऱ्याबाबत सिक्कीमने १ जानेवारी २०२२ पासून बाटलीबंद पाण्यावर बंदी घातली, ही स्वागतार्ह बाब होय.

समारोप

पर्वतीय पर्यटनाच्या कोणत्याही योजनेचे मूल्यमापन तीन कसोट्यांवर करावे : घराचा मालक कोण, ताटातील धान्य कोठले आणि पाणी व कचरा यांची व्यवस्था काय? पहिल्या दोन कसोट्यांतून रोजगार व शेतीचे हित कळते, तर तिसरीवरून हा व्यवसाय किती काळ टिकेल हे ठरते. तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तरच प्रवाशाचा एक मुक्काम गावाच्या विकासास हातभार लावील.