स्वदेशीचे दुकान : सरलादेवी चौधुराणी आणि 'लक्ष्मीर भांडार'

स्वदेशी चळवळीचा अभ्यास करताना विद्यार्थी बहुधा दोन तारखा पाठ करतात. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये बहिष्काराचा ठराव संमत झाला आणि १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली. परंतु बहिष्कार पुकारल्यावर देशी माल ग्राहकाला मिळणार कोठे, हा प्रश्न त्याआधीच काही जणांनी हाती घेतला होता. त्यांत सरलादेवी घोषाल, म्हणजेच विवाहानंतरच्या सरलादेवी चौधुराणी (१८७२-१९४५), यांचे नाव आवर्जून घ्यावयास हवे.

सरलादेवी पदवीने अर्थशास्त्रज्ञ नव्हत्या. रवींद्रनाथ टागोरांच्या त्या भाची. १८९० मध्ये बेथ्यून महाविद्यालयातून त्या बी.ए. झाल्या, पुढे म्हैसूरच्या मुलींच्या शाळेत काही काळ शिकवले आणि 'भारती' मासिकाचे संपादन केले. तथापि १९०३-०४ च्या सुमारास कोलकात्यात त्यांनी उघडलेल्या 'लक्ष्मीर भांडार' या दुकानामागे जी आर्थिक जाण दिसते, ती त्या काळच्या अनेक विद्वान वक्त्यांच्या भाषणांत आढळत नाही. स्त्रियांनी तयार केलेल्या देशी वस्तू आणि देशी कापड स्त्रियांनाच सहज खरेदी करता यावे, ही त्यामागील कल्पना.

अशी दुकाने पूर्वी नव्हती असे नाही. पुण्यात 'सार्वजनिक काका' गणेश वासुदेव जोशी यांनी १८७० च्या दशकातच देशी मालाच्या दुकानांना चालना दिली होती. कोलकात्यात १८९७ मध्ये रवींद्रनाथांच्या साहाय्याने 'स्वदेशी भांडार' व १९०१ मध्ये योगेशचंद्र चौधुरी यांचे 'इंडियन स्टोअर्स' निघाले. सरलादेवींच्या प्रयत्नाचे वेगळेपण स्त्रीला उत्पादक आणि ग्राहक या दोन्ही नात्यांनी बाजारात आणण्यात आहे. त्यांच्या मातोश्री स्वर्णकुमारी देवी यांनी १८८६ मध्ये विधवा व निराधार स्त्रियांच्या साहाय्यासाठी 'सखी समिती' स्थापन केली होती व १८८८ मध्ये बेथ्यून शाळेत स्त्रियांच्या हस्तकलेचा मेळा भरवला होता. आई मेळा भरवते आणि मुलगी दुकान उघडते, यातील फरक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावा.

मेळा चार दिवसांचा असतो. त्यात विक्री होते. पण पुढच्या महिन्यात किती माल लागेल हे विणणारीला कळत नाही आणि आवडलेली वस्तू पुन्हा कोठे मिळेल हे घेणारीला कळत नाही. कायमचे दुकान ही अनिश्चितता कमी करते. ते मालाची प्रत पारखते, साठा राखते, भाव ठरवते आणि ग्राहकाची आवडनिवड कारागिरापर्यंत पोचवते. किरकोळ विक्रेता म्हणजे केवळ नफा उपटणारा मध्यस्थ, हा आपल्याकडील समज म्हणूनच अपुरा आहे.

वितरणाचे हे महत्त्व पुढे आकड्यांतही दिसले. कलकत्ता बंदराच्या जकात अधिकाऱ्याने सप्टेंबर १९०६ मध्ये नोंदविल्याप्रमाणे, आदल्या वर्षाच्या तुलनेत आयात सुती कापडात २२ टक्के, सुतात ४४ टक्के, मिठात ११ टक्के, सिगारेटमध्ये ५५ टक्के, तर बूट-जोड्यांत ६८ टक्के घट झाली. बूट व सिगारेट हे मध्यमवर्गाच्या वापराचे जिन्नस. त्यांना थोड्या भांडवलात देशी पर्याय उभा राहू शकत होता. कापडाचे तसे नव्हते. शिवाय कापडाच्या आयातीतील घट बऱ्याच अंशी मारवाडी व्यापारी व मँचेस्टरचे कारखानदार यांच्यातील व्यवहाराच्या अटींवरील वादामुळे झाली होती, असे इतिहासकार सुमित सरकार यांनी दाखवून दिले आहे. घाऊक व्यापाऱ्याचा निर्णय सभेतील ठरावाइतकाच परिणामकारक ठरला, असा याचा अर्थ.

'लक्ष्मीर भांडार'ची मर्यादाही स्पष्ट आहे. अशा दुकानांचा ग्राहक मुख्यतः शहरातील सुशिक्षित 'भद्रलोक' वर्ग होता. खेड्यातील गरिबाला स्वस्त विलायती धोतर सोडून महाग देशी धोतर घेणे परवडत नव्हते. रवींद्रनाथांच्या 'घरे बाइरे' (१९१६) या कादंबरीत हाच पेच आहे. १९०५ मध्ये रामभुज दत्त चौधरी यांच्याशी विवाह होऊन सरलादेवी पंजाबात गेल्या. एका उत्साही व्यक्तीभोवती उभी राहिलेली संस्था तिच्या स्थलांतरानंतर कशी चालवावी, हा प्रश्न बचत गटांच्या संदर्भात आजही विचारला जातो.

महाराष्ट्रातील उदाहरण पाहावयाचे तर १९५९ मध्ये मुंबईच्या गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग घ्यावा. आरंभीचे पापड त्यांनी भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकले. पापड लाटण्याचे कौशल्य घरोघरी होतेच. विक्रीचा मार्ग मिळाल्यावर त्याचे उद्योगात रूपांतर झाले. बचत गटांसाठी भरणारी 'सरस' प्रदर्शने ही मात्र स्वर्णकुमारींच्या मेळ्याच्या जातीची आहेत. वर्षभराच्या विक्रीची सोय त्यांनी होत नाही.

परीक्षार्थींसाठी एक सूचना. पश्चिम बंगाल सरकारने २०२१ मध्ये 'लक्ष्मीर भांडार' याच नावाची, महिलांना दरमहा रोख साहाय्य देणारी योजना सुरू केली. बंगाली घरांत पैसे साठविण्याच्या मातीच्या गल्ल्यालाही हेच नाव आहे. सरलादेवींच्या दुकानाशी योजनेचे साम्य नावापुरतेच असून, वस्तुनिष्ठ प्रश्नांत या दोहोंची गल्लत करू नये.